पोटातलं चित्र आणि आपली भाषा

आमच्या वस्तीत शिक्षकाच्या घरी सगळे कागद येतात. लाइट बिल, बँकेचं पत्र, शिष्यवृत्तीचा फॉर्म, कोर्टाची नोटीस. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे ‘आपाला सगळं वाचता येतं’ असा लोकांचा समज आहे. गेल्या काही वर्षांत या कागदांत एकाची भर पडली आहे, पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. एक-दोन पानं, सगळी इंग्रजीत. सोबत चकचकीत कागदावर काळी-करडी धुरकट चित्रं. घेऊन येणाऱ्याचा प्रश्न एकच असतो, “आपा, यात काय लिहिलंय?”

माझं शिक्षण बी.एड. डॉक्टरकीशी माझा संबंध नाही आणि कुणाचा आजार ओळखायचं धाडस मी करत नाही. पण वाचून वाचून काही शब्द ओळखीचे झालेत. ‘कोलेलिथियासिस’ म्हणजे पित्ताशयात खडे. ‘हेपॅटोमेगाली’ म्हणजे यकृत वाढलंय. शेवटी ‘इम्प्रेशन’ नावाचा छोटा परिच्छेद असतो, त्यात साऱ्या तपासणीचं सार असतं. मी एवढं सांगते आणि माणसाला परत डॉक्टरांकडे पाठवते. प्रत्येक वेळी मनात तेच येतं. पोट या माणसाचं, पैसे यानेच भरले, चित्रही याच्याच हातात आहे. पण त्या चित्रात काय दिसलं, ते याच्या भाषेत याला कुणीच सांगितलेलं नाही.

ही अडचण किती महाग पडू शकते, ते दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या घरातच पाहिलं.

माझ्या खालाचा मुलगा चाकण एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे. मूळ बीडकडचा. महाळुंग्यात चौघांत एक खोली, मेसचा डबा, टँकरचं पाणी. कंपनीत मोठ्या कास्टिंगचं मशिनिंग चालतं, तिथे मशीनवर जॉब चढवणं-उतरवणं हे त्याचं काम. एके दिवशी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. वजन उचलताना लचक भरली असेल म्हणून त्याने बाम चोळला. मग थंडी वाजून ताप आला. खोलीजवळच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं, ताप उतरला, दोन दिवसांनी पुन्हा चढला. खाडा झाला की पगार कापतात, म्हणून गोळी खाऊन तो पाळीला जात राहिला. दहा-अकरा दिवसांनी साधा खोकला आला तरी उजव्या खांद्यापर्यंत कळ जायला लागली, तेव्हा खोलीवरच्या पोरांनी त्याला रिक्षात घालून पिंपरीला माझ्याकडे आणलं.

सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात आठ सेंटिमीटरची पोकळी दिसली, आत दाट द्रव. म्हणजे लिव्हरमध्ये पू झाला होता, साध्या मराठीत मोठं गळू. त्याला दाखल करून घेतलं, सलाइनमधून औषधं सुरू झाली. दुसऱ्या सकाळी राउंडवरचे डॉक्टर घाईत म्हणाले, “पिगटेल टाकावं लागेल, नातेवाइकांनी सही करा.” आणि पुढच्या खाटेकडे गेले. हातात इंग्रजी छापील फॉर्म आला.

खाला रात्रीच्या एसटीने बीडहून आली होती. तिने मला बाजूला घेतलं. “आपा, पेट में सुई नको बोलो उनको.” सुई लावली की आजार पसरतो, हे तिने गावात दहा जणांच्या तोंडून ऐकलेलं. त्यात घरातला कॉलेजात जाणारा एक मुलगा तिथे होता. त्याने ‘पिगटेल’चा सरळ अर्थ लावला, डुकराची शेपटी. तासाभरात फोनवरून नातेवाइकांत पसरलं की डॉक्टर पोटात डुकराच्या आतड्याची नळी घालणार आहेत. मग बीडहून फोन, परभणीहून फोन. “सही करू नका.” “दुसरीकडे न्या.” “काढा देऊन बघा.”

वाचताना हसू येईल. पण त्या वेळी पोराचा ताप उतरत नव्हता आणि असं गळू फुटून पू पोटात किंवा छातीच्या बाजूला जाऊ शकतो. दीड दिवस सही झाली नाही. मशीनमध्ये बिघाड नव्हता, डॉक्टर हजर होते, पैशाची सोय झाली होती. एक शब्द कुणी उलगडून सांगितला नाही, एवढ्यावर सगळं अडलं होतं.

आणखी एक गोष्ट घडली. डॉक्टरांनी त्याला तीनदा विचारलं, “दारू घेतोस?” खालाला ते फार लागलं. पाच वेळच्या नमाजी घरातला मुलगा, त्याला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न! तिला वाटलं, आमचा पोशाख बघून आमच्यावर आळ घेतायत. खरं कारण साधं होतं. अमिबाच्या संसर्गाने होणारं यकृताचं गळू तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांत जास्त आढळतं आणि त्यांत दारू पिणाऱ्यांचं प्रमाण मोठं असतं, म्हणून तो प्रश्न प्रत्येकालाच विचारतात. पण अमिबा शरीरात जातो तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून. आतड्यातून रक्तावाटे यकृतात पोचतो. दारूला कधी न शिवलेल्यालाही तो गाठतो. टँकरचं पाणी धर्म विचारून पोटात जात नाही.

गुंता सोडवला एका तरुण निवासी डॉक्टरने. दुपारी जरा निवांत झाल्यावर तो खाटेशी आला आणि त्याने भावाला विचारलं, “दादा, तुम्ही कामाला कुठं?” कास्टिंगचं काम म्हटल्यावर त्याने केस पेपरच्या मागे यकृत काढलं आणि त्यात एक पोकळी. “तुमच्याकडे जॉबमध्ये ब्लो होल निघतो ना? वरून धड दिसतो आणि आत पोकळी. तसं झालंय. फरक इतकाच की तुमच्या पोकळीत हवा असते, इथं पू साचलाय. तो बाहेर काढायचा आहे.” नंतर त्याने नळीच मागवून दाखवली. मऊ प्लास्टिकची, शेवटाला गोल वळलेली. “आत गेल्यावर टोक असं वळतं, म्हणजे नळी निसटत नाही. शेपटीसारखं दिसतं म्हणून ते नाव. डुकराचा यात काही संबंध नाही, खाला.”

तो ‘खाला’ म्हणाला तिथेच अर्धं काम झालं होतं. भावाने स्वतः पेन मागून सही केली.

ब्लो होलचं उदाहरण त्या डॉक्टरला सहज सुचलं असेल. पण सोनोग्राफीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळलं की ते नुसतं उदाहरण नाही. हे यंत्र खरोखरच कारखान्यातून दवाखान्यात आलेलं आहे.

चाकण-भोसरी पट्ट्यात काम करणाऱ्यांना ‘यूटी’ माहीत असते. वेल्डिंगच्या जोडावर किंवा फोर्जिंगवर तेल, ग्रीस किंवा जेली लावायची आणि वरून प्रोब फिरवायचा. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हा प्रोब २० ते ५० लाख कंपनांचा आवाज धातूत सोडतो. आत भेग किंवा पोकळी असली की तिथून प्रतिध्वनी लवकर परत येतो आणि पडद्यावर रेघ उसळते. जॉब न कापता आतला दोष कळतो. ग्लासगो विद्यापीठातले स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये हेच यंत्र पाहिलं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या काही गाठी घेऊन ते रेनफ्रू इथल्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. तिथल्या यंत्रावर त्यांनी गाठी तपासल्या. तुलनेसाठी गोमांसाचा एक मोठा तुकडाही ठेवला होता. भरीव गाठ आणि पाणी भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे तिथे स्पष्ट दिसलं.

पुढे टॉम ब्राउन हा तरुण इंजिनिअर आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासोबत त्यांनी माणसासाठीचं यंत्र घडवलं आणि जून १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख छापला. विषय होता पोटातल्या गाठी. त्या काळातल्या एका रुग्णाची गोष्ट प्रसिद्ध आहे. एका बाईचं पोट फुगलं होतं. पोटाचा कॅन्सर हाताबाहेर गेलाय असं सगळे धरून चालले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने दाखवलं की आत द्रवाने भरलेली एक प्रचंड गाठ आहे. ती काढली आणि बाई वाचली. एका चित्राने निकालच फिरवला.

हे एवढं कळलं की तपासणीआधीच्या सूचनांचाही अर्थ लागतो. हवेतून हा आवाज पुढे जात नाही. म्हणूनच कारखान्यात तेल आणि पोटावर जेली. आतड्यात गॅस असला की मागचं स्वादुपिंड झाकलं जातं. जेवलं की पित्ताशय आकसतं आणि खडे नीट दिसत नाहीत. म्हणून उपाशीपोटी बोलावतात. ओटीपोट पाहायचं तर मूत्राशय भरलेलं लागतं, कारण पाण्यातून आवाज छान जातो. रमजानमध्ये आमच्याकडे बायका विचारतात, “रोज्यात सोनोग्राफी चालते का?” उपाशी पोट तर आयतंच असतं, पण मूत्राशय भरायला पाणी प्यावं लागलं तर अडतं. अशा वेळी सेंटरवाल्यांना आधीच विचारावं, आणि तपासणी तातडीची असेल तर आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची सवलत कुराणातच आहे.

सोनोग्राफीतून पुरेसं दिसलं नाही तर सीटी स्कॅन सांगतात. त्यात क्ष-किरण असतात, म्हणून गरज असेल तरच. इंग्लंडमध्ये ईएमआय या कंपनीत काम करणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, तो मेंदूचा. १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. पोटाचा सीटी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी गोंधळले होते. यकृत शरीरात उजव्या बाजूला, चित्रात मात्र डावीकडे! कारण आडव्या कापाचं ते चित्र रुग्णाच्या पायाकडे उभं राहून वर पाहिल्यासारखं असतं. मला गंमत वाटली. आमच्या शाळेत पहिल्या तासाला पोरं उजवीकडून डावीकडे वाचतात आणि दुसऱ्या तासाला डावीकडून उजवीकडे. प्रत्येक लिपीची आपली एक दिशा असते, ती शिकवावी लागते. पोटाचं चित्र हीसुद्धा लिपीच आहे. ती वाचायला रेडिऑलॉजिस्ट वर्षानुवर्षं शिकतात. रुग्णाने ती शिकावी अशी अपेक्षा नाही. पण वाचणाऱ्याने मजकूर सांगावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

भावाच्या पोटात नळी बसायला अर्ध्या तासाहून जास्त लागला नाही. पडद्यावर पाहत पाहत आधी सुई पोकळीत पोचवतात, सुईतून बारीक तार सरकवतात, सुई काढून घेतात आणि तारेवरून नळी आत नेतात. रक्तवाहिन्यांसाठी ही युक्ती स्वीडनचे डॉक्टर सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. आज पोटातल्या कितीतरी इलाजांत ती वापरतात. फक्त जागेवरची भूल. नळीतून चॉकलेटी रंगाचा दाट पू पिशवीत येऊ लागला. दोन दिवसांत ताप उतरला, पिशवी कोरडी झाल्यावर पुन्हा सोनोग्राफी करून नळी काढली. एके काळी अशा गळवासाठी पोट उघडायचे. आज पोटावर शर्टाच्या बटणाएवढी खूण आहे. अर्थात प्रत्येक गळवाला नळी लागत नाही. लहान असेल तर नुसत्या औषधावर बरं होतं. आकार किती, जागा कोणती, औषधाला दाद मिळते का, हे पाहून डॉक्टर ठरवतात.

सुईची भीती मात्र वेड्यात काढण्यासारखी नाही. ‘पसरेल का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. काही मोजक्या आजारांत डॉक्टर स्वतः सुई टाळतात किंवा फार जपून वापरतात. यकृतातली हायडॅटिडची गाठ हे त्याचं उदाहरण. पण बहुतेक वेळा कॅन्सरची शंका असली तर सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय इलाजच ठरत नाही, आणि त्या सुईने आजार पसरण्याचा धोका फार कमी असतो. खरा धोका असतो तो भीतीपोटी गेलेल्या महिन्यांचा. अडाणी म्हणून झिडकारलं की लोक प्रश्न गिळतात आणि निघून जातात. उत्तर दिलं की थांबतात.

कोणत्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये भिंतीकडे पाहा. एक वाक्य हमखास मराठीत असतं, गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. हे वाक्य तिथे आपोआप आलेलं नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये याबाबत देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला आणि नियमांत लिहिलं गेलं की पाटी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही हवी. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. गर्भजल परीक्षेसारखी प्रसूतिपूर्व निदानाची प्रक्रिया करण्याआधी त्या बाईची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यायची आणि एक प्रत तिला द्यायची. म्हणजे मनात आणलं की सरकारला, डॉक्टरांना भाषेचं भान ठेवता येतं. मग पोटात सुई घालून घेणाऱ्या कामगाराने काय पाप केलंय?

संमती म्हणजे सहीचा शिक्का नव्हे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. दुर्बिणीने पोट तपासायला संमती घेतली होती, पण भुलेखाली असतानाच त्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. न्यायालय म्हणालं, तपासणीला दिलेली संमती इलाजाला लागू होत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तर वेगळी गोष्ट. आणि निर्णय घेता येईल एवढी माहिती रुग्णाला आधी मिळायला हवी. ज्या भाषेतलं अक्षर कळत नाही त्या भाषेत छापलेली माहिती मिळाली काय, न मिळाली काय, सारखीच.

डॉक्टर मंडळी म्हणतील, दिवसाला इतक्या तपासण्या असतात, भाषांतर कोण करणार? भाषांतरात चूक झाली तर जबाबदार कोण? अडचण खरी आहे. म्हणून पूर्ण रिपोर्ट मराठीत द्या असं मी म्हणत नाही. ‘इम्प्रेशन’च्या खाली दोन ओळी पुरेत. ‘पित्ताशयात खडे आहेत. सर्जनना दाखवा.’ ‘यकृतात पू झाला आहे. आजच दाखल व्हा.’ आणि संमतीचा फॉर्म मराठीत, हिंदीत, गरज असेल तिथे उर्दूत. चाकणच्या कंपन्यांत सुरक्षेच्या पाट्या मराठी-हिंदीत असतात, कारण न कळलेल्या पाटीने बोट जातं. न कळलेल्या रिपोर्टने त्याहून जास्त जातं.

ती मराठीही बोलती हवी. पाठ्यपुस्तकात मी यकृत, स्वादुपिंड, प्लीहा शिकवते. उर्दूच्या तासाला त्यांचं जिगर, लबलबा, तिल्ली होतं. आमच्या घरात, बाजारात लिव्हरला सरळ कलेजी म्हणतात. खालाला ‘यकृत’ कळलं नसतं, ‘हेपॅटिक’ तर नाहीच. नववीच्या वर्गाला मी यंदा एक तक्ता करायला दिला. पोटातला अवयव, त्याचं मराठी नाव, उर्दू नाव, इंग्रजी नाव आणि घरात म्हणतात ते नाव. शेवटच्या रकान्यासाठी पोरांना आजीला विचारावं लागलं. तक्ता आता वर्गात लावलाय, आणि काही पालकांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून नेलाय.

भाऊ पाच आठवड्यांनी कामावर परतला. या काळात ठेकेदार बदलला होता, त्यामुळे ईएसआयचे हप्ते तुटले की नाही हे शोधण्यात माझे आणखी दोन रविवार गेले. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय लागू होतं आणि हप्ते सलग भरलेले असतील तर आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळतो. हेही पुष्कळ कामगारांना त्यांच्या भाषेत कुणी सांगितलेलं नसतं. आपला ईएसआय नंबर चालू आहे का, हे धडधाकट असतानाच तपासून ठेवा.

आणि दवाखान्यात गेलात तर हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या, मोठ्याने विचारा. चित्रात काय दिसलं ते माझ्या भाषेत सांगाल का? सुई किंवा नळी कशासाठी आणि ती नाही टाकली तर काय होईल? यात धोका कोणता? विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर कळेपर्यंत पेन हातात धरून ठेवा.